जिची कथा, तिचाच मंच

दरवर्षी २० जूनच्या, म्हणजे जागतिक निर्वासित दिनाच्या आगेमागे, ब्रिटनमध्ये निर्वासित सप्ताह साजरा होतो. १९९८ पासून ही प्रथा चालू आहे. या सप्ताहाच्या निमित्ताने आमच्या गावातील सार्वजनिक वाचनालयाच्या सभागृहात एका संध्याकाळी सहा स्त्रिया एकामागून एक मंचावर आल्या आणि प्रत्येकीने दहा-दहा मिनिटे स्वतःच्या आयुष्यातील एकेक प्रसंग सांगितला. एक सुदानची होती, एक इरिट्रियाची, एक इराणची आणि दोघी युक्रेनच्या. सहावी आपली होती. नागपूरची, येथील रुग्णालयात परिचारिका असलेली, रविवारच्या वंदनेला न चुकता येणारी आपली एक ताई.

ताईंनी सांगण्यासाठी निवडलेला प्रसंग आम्हांस तालमीपासून ठाऊक होता. या देशात आल्यावर पहिले काही महिने त्या तीन भारतीय स्त्रियांसोबत एका भाड्याच्या घरात राहिल्या. खोल्या वेगळ्या, स्वयंपाकघर एकच, भांड्यांचे कपाटही एकच. पाचव्या आठवड्यात त्यांच्या खोलीतील तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर एकीच्या दृष्टीस पडली. कोणी काही विचारले नाही. दुसऱ्या दिवशी रात्रपाळी करून ताई घरी आल्या, तेव्हा त्यांचा तवा, पातेले, दोन ताटल्या आणि पेला कपाटातून काढून दाराजवळच्या एका पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवलेले होते. कोणी शिवी दिली नाही, आवाज चढवला नाही. तालमीत ताईंनी हे सांगितले तेव्हा सुदानच्या भगिनीने एवढेच विचारले, “मग त्या दिवशी तू जेवलीस कुठे?” त्या प्रश्नावर ताई प्रथमच रडल्या.

प्रत्यक्ष कार्यक्रमाच्या दिवशी मात्र दुसऱ्या रांगेत तीन-चार भारतीय कुटुंबे बसलेली ताईंना दिसली. त्यांपैकी एक गृहस्थ त्यांच्याच रुग्णालयात वरच्या हुद्द्यावर होते. ताईंनी पहिला बर्फ सांगितला, चुकलेली बस सांगितली, पहिल्या रात्रपाळीत रुग्णाने मागितलेल्या चहात त्यांनी सवयीने घातलेले आले सांगितले. सभागृह खळखळून हसले आणि टाळ्याही भरपूर पडल्या. बाहेर कोट चढवताना त्या आमच्याकडे न पाहता हळूच म्हणाल्या, “कपाट राहिलंच.”

पुढच्या रविवारी वंदनेनंतर या गोष्टीची चर्चा झाली नसती तरच नवल. आमच्यातील एक ज्येष्ठ काका म्हणाले, “बरे झाले. परक्यांच्या सभेत आपली जखम उघडी करून काय मिळणार? आपण येथे डॉक्टर, अभियंते, प्राध्यापक म्हणून उभे आहोत, तेच लोकांना दिसू द्यावे.” विद्यापीठात शिकणारी एक तरुणी त्यावर उसळून म्हणाली, “काका, उलट फार मोठी संधी वाया गेली. ते ऐकायला नेमके योग्य लोक समोर बसले होते.” दोघांच्याही बोलण्यात कळकळ होती, आणि दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. तरीही आम्हांस या दोन्ही मतांविषयी एक गंभीर तक्रार आहे, आणि तीच या लेखाचे प्रयोजन आहे. काकांनी ताईंची कथा समाजाची अब्रू म्हणून झाकावयाची ठरवली. तरुणीने ती समाजाचे शस्त्र म्हणून वापरावयाची ठरवली. ती कथा ताईंची आहे, हे दोघांच्याही लक्षात आले नाही. त्या दिवशी भोवती बसलेल्या आमच्यापैकीही कोणाच्या ते लक्षात आले नाही, हेही प्रामाणिकपणे नमूद करावयास हवे. ताई त्या वेळी आतल्या खोलीत चहाचे पेले विसळत होत्या.

मंचावरून स्वतःची कथा सांगणे म्हणजे नेमके काय, याचा विचार प्रथम निर्वासित स्त्रीच्या बाजूने करू. या देशात आश्रय मागणाऱ्या व्यक्तीला आपली कथा कितीतरी वेळा सांगावी लागते. आल्याबरोबर एक प्राथमिक मुलाखत होते. पुढे काही महिन्यांनी, कधी त्याहूनही उशिरा, सविस्तर मुलाखत होते. मग वकिलापुढे, आणि अर्ज फेटाळला गेला तर न्यायाधीशापुढे. पहिल्या मुलाखतीतील तारीख आणि दुसऱ्या मुलाखतीतील तारीख जुळली नाही, तर ती विसंगती मानली जाते आणि तिच्या आधारे माणूस खोटे बोलतो आहे असा निष्कर्ष काढला जाऊ शकतो. जी स्त्री बलात्काराविषयी पहिल्याच दिवशी अनोळखी अधिकाऱ्यापुढे आणि अनोळखी दुभाष्यापुढे बोलू शकली नाही, तिने ते नंतर सांगितले की “आधी का नाही सांगितले?” हा प्रश्न तिच्यापुढे उभा राहतो. म्हणजे तिची कथा तिच्या तोंडून निघते खरी. पण ती कोठून सुरू व्हावी, कोठे थांबावी आणि तिच्यात महत्त्वाचे काय, हे सारे दुसरेच कोणी ठरवतात.

म्हणूनच वाचनालयाच्या त्या साध्या मंचाचे मोल आम्हांस वाटते. तेथे कोणी पुरावा मागत नाही. इराणच्या भगिनीने त्या संध्याकाळी सीमा कशी ओलांडली हे सांगितलेच नाही. तिने आजीच्या अंगणातील डाळिंबाच्या झाडाविषयी सांगितले. मुलाखत घेणाऱ्या अधिकाऱ्याला त्या झाडाचा काहीही उपयोग नव्हता. तिला होता. आपल्या आयुष्यातील कोणती गोष्ट सांगण्याजोगी आहे हे स्वतः ठरवता येणे, हा स्वातंत्र्याचा अगदी प्राथमिक भाग आहे, आणि स्थलांतरात माणूस बहुधा तोच प्रथम गमावतो.

या संदर्भात एक उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे. २०१३ च्या शरद ऋतूत जॉर्डनची राजधानी अम्मान येथे सिरियातून परागंदा झालेल्या सुमारे ५० स्त्रिया एका नाट्यशिबिरासाठी एकत्र आल्या. त्यांपैकी बहुतेकींनी पूर्वी कधी मंचावर पाऊल ठेवले नव्हते. सिरियाचे दिग्दर्शक उमर अबू सादा यांच्यासोबत त्यांनी युरिपिडीस या ग्रीक नाटककाराचे ‘ट्रोजन विमेन’ हे नाटक उभे केले. इसवी सनापूर्वी ४१५ मध्ये अथेन्समध्ये प्रथम सादर झालेले हे नाटक पराभूत नगरीतील स्त्रियांचे आहे. नगर जळते आहे, पुरुष मारले गेले आहेत, आणि आपण कोणाच्या वाट्याला गुलाम म्हणून जाणार याची वाट पाहत स्त्रिया उभ्या आहेत. सिरियाच्या स्त्रियांना ही कथा समजावून सांगावी लागली नाही. त्यांनी नाटकाच्या संवादांमध्ये स्वतःच्या आठवणी गुंफल्या आणि त्या स्वतःच्या अरबी भाषेत सांगितल्या. यास्मिन फेद्दा यांनी या तालमींवर ‘क्वीन्स ऑफ सिरिया’ हा माहितीपट २०१४ मध्ये केला. २०१६ च्या उन्हाळ्यात त्याच नावाचा प्रयोग झो लॅफर्टी यांच्या दिग्दर्शनाखाली ब्रिटनमध्ये आला. लंडनच्या यंग विक नाट्यगृहात आणि इतर शहरांत १३ स्त्रियांनी तो सादर केला.

या उदाहरणातील यशाइतक्याच त्यातील अडचणीही आम्हांस महत्त्वाच्या वाटतात. आरंभी आलेल्या सगळ्या स्त्रिया शेवटपर्यंत राहिल्या नाहीत. स्त्रीने मंचावर उभे राहणे काहींच्या घरी मान्य नव्हते. सिरियात मागे राहिलेल्या नातेवाइकांवर आपल्या बोलण्याचा सूड उगवला जाईल, ही काहींची भीती होती, आणि ती अनाठायी नव्हती. २०१४ मध्ये या स्त्रियांना अमेरिकेतील जॉर्जटाऊन विद्यापीठात प्रयोगासाठी बोलावणे आले. परंतु त्यांना व्हिसा नाकारण्यात आला. शेवटी अम्मानमधून दृकश्राव्य दुव्याद्वारे त्या तेथील श्रोत्यांशी बोलल्या. त्यांच्या कथेला प्रवेश होता, त्यांना नव्हता. स्थलांतरित स्त्रियांच्या कथा ऐकून डोळे टिपणाऱ्या प्रत्येक सभागृहाने हा प्रसंग ध्यानात ठेवावा, असे आम्हांस वाटते. कथा आवडणे आणि माणसाला जागा देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

दुसरी एक पद्धतही येथे रूढ आहे. ‘आइस अँड फायर’ ही नाट्यसंस्था गेली अनेक वर्षे आश्रयार्थींची खरी निवेदने व्यावसायिक नटांकरवी मंचावरून वाचून घेते. ज्यांना स्वतः समोर येणे धोक्याचे आहे, त्यांच्यासाठी ही पद्धत निश्चितच उपकारक आहे, आणि तिची आम्ही कदर करतो. परंतु दुसऱ्याने आपल्या वतीने बोलणे ही तात्पुरती सोय आहे, कायमची व्यवस्था नव्हे, याचे भान सुटता कामा नये.

आपल्या परंपरेत या प्रश्नाचे फार जुने चित्र आहे. महाप्रजापती गौतमी शाक्य स्त्रियांसह कपिलवस्तूहून वैशालीपर्यंत पायी गेल्या. संघात प्रवेश मिळावा म्हणून विहाराच्या दाराबाहेर त्या उभ्या राहिल्या; पाय सुजलेले, अंगावर वाटेची धूळ, डोळ्यांत पाणी. आत जाऊन त्यांची बाजू मांडली ती आनंदाने. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनीही हा प्रसंग आवर्जून घेतला आहे. आनंदाविषयी आम्हांस आदरच आहे; त्याने विचारलेला प्रश्न रास्त होता आणि त्याने दार उघडले. परंतु दार उघडल्यानंतर काय झाले, हे अधिक मोलाचे आहे. आत गेलेल्या स्त्रिया स्वतः बोलू लागल्या, आणि त्यांचे बोल ‘थेरीगाथा’ म्हणून खुद्दक निकायात जतन झाले. ७३ काव्यांचा हा संग्रह जगातील स्त्रियांच्या स्वकथनांच्या अत्यंत प्राचीन संग्रहांपैकी एक आहे. त्यात गणिका आहे, राजघराण्यातील स्त्री आहे, संसाराला कंटाळलेली गृहिणी आहे, आणि मालकिणीच्या धाकाने कडाक्याच्या थंडीत पाणी भरणारी दासी पुण्णिकाही आहे. नदीत बुडी मारून पाप धुऊ पाहणाऱ्या ब्राह्मणाला ती प्रश्न विचारते. पाणी भरणारीने पाण्याच्या पावित्र्याविषयी प्रश्न विचारावा, याचे महत्त्व महाडच्या वारसदारांना वेगळे सांगावयास नको.

त्या थेरींमध्ये पटाचाराही आहे. तिची कथा अट्ठकथेत सविस्तर आली आहे. माहेरी निघालेल्या पटाचाराचा पती वाटेत सर्पदंशाने गेला, दोन्ही मुले नदी ओलांडताना हातची गेली, आणि श्रावस्तीला पोहोचावे तो आईवडील व भाऊ घर कोसळून गेल्याचे कळले. भान हरपून ती रस्त्यावर फिरू लागली, तेव्हा लोकांनी तिला वेडी म्हणून हाकलले. तथागतांनी लोकांना तिला अडवू दिले नाही; तिला जवळ येऊ दिले, भानावर ये म्हटले, आणि सभेतील एका माणसाने आपले उत्तरीय तिच्या अंगावर टाकले. नंतर हीच पटाचारा दुःखाने पिचलेल्या अनेक स्त्रियांची गुरू झाली. या कथेकडे आम्ही ऐकणाऱ्यांसाठीचा वस्तुपाठ म्हणून पाहतो. त्या सभेने तिला आधी हकीकत विचारली नाही. आधी वस्त्र दिले.

आपल्या अलीकडच्या इतिहासाकडे वळू. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे बाबासाहेबांनी स्त्रियांना उद्देशून स्वतंत्र भाषण केले. २० जुलै १९४२ रोजी नागपूर येथे अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षस्थानी होत्या आणि २० ते २५ हजार स्त्रिया उपस्थित होत्या. समाजाची प्रगती त्या समाजातील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजावी, हा विचार बाबासाहेबांनी याच परिषदेत मांडला. हा विचार आपण प्रत्येक जयंतीला उद्धृत करतो. मात्र त्या व्यासपीठावर स्त्रियांनी स्वतः ठराव मांडले, घटस्फोटाच्या हक्काविषयी आणि बहुपत्नीत्वाविरुद्ध बोलल्या, गिरणीत काम करणाऱ्या बायांच्या रजेविषयी बोलल्या, हे तितक्या अगत्याने सांगत नाही. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगाव फिरून त्या पिढीतील स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या आणि ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ सिद्ध केला नसता, तर त्यांतील कितीतरी जणींची नावेही आपल्यापर्यंत पोहोचली नसती.

आत्मकथनांचेही तसेच. बेबी कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’ घरच्यांच्या नजरेआड, आपल्या छोट्या दुकानात बसून लिहिले आणि ती पाने अनेक वर्षे लपवून ठेवली. त्या आत्मकथनात त्यांनी सवर्णांच्या क्रौर्याविषयी जितके लिहिले, तितकेच आपल्या घराघरांतून सुनांवर होणाऱ्या जुलमाविषयीही लिहिले. उर्मिला पवार यांचे ‘आयदान’ २००३ मध्ये आले, आणि पुढे सुषमा देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली ते रंगमंचावरही आले. या स्त्रियांनी समाजाची बदनामी केली, अशी कुजबुज त्या वेळी झालीच. आज त्याच पुस्तकांचा आपण अभिमानाने उल्लेख करतो, आणि येथील विद्यापीठांत ती अभ्यासली जातात तेव्हा मुलांना आवर्जून दाखवतो. कपाटातील पुस्तकाचा अभिमान वाटणे सोपे असते. शेजारच्या खुर्चीवर बसलेली ताई तेच बोलू लागली, की आपल्याला अवघडल्यासारखे होते.

आता काकांच्या आक्षेपाचे उत्तर देणे क्रमप्राप्त आहे. न बोलल्याने काही बिघडत नाही, असे त्यांना वाटते. ब्रिटनमधील कायद्याची स्थिती मात्र वेगळे सांगते. २०१० च्या समता कायद्यात जातीचा समावेश करण्याची वाट मोकळी ठेवलेली होती, आणि २०१३ मध्ये संसदेने सरकारवर तसे बंधनही घातले. २०१८ च्या जुलैमध्ये सरकारने घोषित केले की स्वतंत्र तरतूद करण्याऐवजी न्यायालयीन निर्णयांवर विसंबणे पुरेसे आहे. ज्या खटल्याचा आधार यासाठी घेतला गेला, तो एका स्थलांतरित स्त्रीचा होता. बिहारमधून घरकामासाठी आणलेली ही आदिवासी स्त्री मिल्टन कीन्समधील एका घरात साडेचार वर्षे राबत होती; दिवसाला १८ तास, आठवड्याचे सातही दिवस, जमिनीवरच्या गादीवर झोपून. तिला तासाला ११ पेन्स इतके अल्प वेतन पडत होते. २०१५ मध्ये न्यायाधिकरणाने तिला केवळ थकीत वेतनापोटी सुमारे १ लाख ८४ हजार पौंड मंजूर केले. जात ही काही प्रसंगी वांशिक उगमाच्या कक्षेत येऊ शकते, हा महत्त्वाचा निर्वाळाही त्याच खटल्यात अपील न्यायाधिकरणाने दिला होता.

वाचकहो, याचा अर्थ काय होतो पाहा. या देशात जातीविरुद्धचे आपले कायदेशीर संरक्षण आज मुख्यतः एका स्त्रीच्या साक्षीवर उभे आहे. पुढील प्रत्येक खटल्यातही कोणीतरी उभे राहून “हे माझ्या बाबतीत घडले” असे म्हणावे लागणार आहे. अमेरिकेतही तेच चित्र आहे. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी सिएटल नगर परिषदेने जातिभेदाला बंदी घातली, ती लोकांनी परिषदेपुढे येऊन स्वतःचे अनुभव सांगितल्यानंतर. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने संमत केलेल्या विधेयकावर मात्र राज्यपालांनी ऑक्टोबरमध्ये नकाराधिकार वापरला. बोलल्याने प्रत्येक वेळी विजय मिळतोच असे नाही. परंतु न बोलणाऱ्या समाजाविषयी “येथे जात नाहीच” असे म्हणणे इतरांना फार सोपे जाते.

मग ती तरुणी बरोबर होती, असे कोणी म्हणेल. अर्धी बरोबर होती. साक्ष देणे आवश्यक आहे. पण ती कोणाकडून वसूल करता येत नाही. ताईंना त्याच रुग्णालयात पुढची वर्षे काढावयाची आहेत. त्यांच्या पाळ्या कोण लावतो, बढतीच्या वेळी शब्द कोण टाकतो, हे त्या जाणतात. आपण जाणत नाही. धोका ज्याच्या वाट्याचा, निर्णयही त्याचाच असला पाहिजे. शिवाय आणखी एक सूक्ष्म अन्याय येथे संभवतो. स्थलांतरित स्त्रियांच्या मंचावर श्रोत्यांना पुष्कळदा एकाच साच्यातील कथा हवी असते: आधी भयंकर दुःख, मग सुटका, शेवटी या देशाचे आभार. जिचे दुःख पुरेसे भयंकर नाही तिला टाळ्या कमी. आम्ही आंबेडकरी कुटुंबांनीही असाच एक साचा घडवला आहे: आधी अत्याचार, मग शिक्षण, शेवटी बाबासाहेबांचे उपकार. बाबासाहेबांचे ऋण कोण नाकारील? परंतु प्रत्येक स्त्रीचे आयुष्य त्या साच्यात घालून मोजले, तर आले घातलेल्या चहाची गोष्ट किरकोळ ठरते, आणि ती सांगणारी स्त्रीही.

आणि सर्वांत अवघड गोष्ट अजून बोलावयाची आहे. अत्याचार करणारा बाहेरचा असतो तोवर आपण आपल्या स्त्रियांना बोलण्याचे प्रोत्साहन देतो. तो घरातला असला तर? पतीच्या व्हिसावर आश्रित म्हणून आलेली आपली एखादी वहिनी, जिचे बँकेचे खाते नाही, जिची कागदपत्रे कोणाच्या ताब्यात आहेत हे आपण कधी विचारले नाही, जिला भारतात शिक्षिका असूनही येथे दहा वर्षे घराबाहेर कामाची वाट दाखवली गेली नाही, तिला आपला मंच मोकळा आहे काय? चळवळीची एकजूट बिघडेल, इतरांना बोट दाखवावयास मिळेल, ही कारणे आम्ही कितीदा ऐकली आहेत. आणि खरे सांगावयाचे तर दिलीही आहेत. ‘जिणं आमुचं’ची पाने लपवावी लागली, तीही घरच्यांच्याच नजरेपासून. हिंदू संहिता विधेयकासाठी मंत्रिपद सोडणाऱ्या माणसाच्या अनुयायांनी घराच्या उंबऱ्यावर समतेची सीमा आखावी, हे आम्हांस लाजिरवाणे वाटते.

आपल्या कार्यक्रमांचे स्वरूप आठवून पाहा. १४ एप्रिलला भाड्याच्या सभागृहात सकाळपासून दीडशे माणसांचे जेवण कोण रांधते? स्वागतगीत कोण म्हणते? आणि माइकसमोर चाळीस मिनिटे कोण बोलते? शेवटी “महिला मंडळाचे विशेष आभार” मानले जातात, एका ज्येष्ठ भगिनीला शाल आणि पुष्पगुच्छ दिला जातो, छायाचित्र निघते. शाल देणाऱ्याच्या मनात आदर असतो, हे आम्ही जाणतो. परंतु शाल स्वीकारताना तिने काही बोलावे अशी अपेक्षा नसते.

म्हणून आमची एक सूचना आहे. पुढील २० जुलैला, नागपूरच्या परिषदेचे स्मरण म्हणून, प्रत्येक गावच्या आंबेडकरी कुटुंबांनी एक संध्याकाळ केवळ स्त्रियांच्या कथनासाठी राखून ठेवावी. आपल्याच स्त्रिया नव्हेत, तर शेजारच्या सिरियन, सुदानी, तमिळ, अफगाण भगिनींनाही अगत्याने बोलवावे. कारण परागंदा होण्याचे दुःख आपल्या मालकीचे नाही, आणि त्यांच्या भीतीसमोर आपल्या भीतीचे माप आपल्यालाही नीट कळेल. या संध्याकाळीचे नियम साधे असावेत.

कथा सांगणारीची, कोणता भाग सांगावा, कोणता गाळावा आणि कोणत्या भाषेत सांगावे, हे तीच ठरवील. शेवटच्या क्षणी “आज नको” म्हणण्याचा तिचा अधिकार असेल, आणि त्याचे कारण कोणी विचारणार नाही. तिच्या अनुमतीवाचून ध्वनिमुद्रण वा चित्रीकरण होणार नाही, आणि कुटुंबाच्या व्हॉट्सॲप समूहावर काहीही जाणार नाही. त्या दिवशी स्वयंपाक आणि मुलांना सांभाळणे पुरुषांकडे राहील. कथनानंतर समारोपाचे भाषण असणार नाही. कोणी ज्येष्ठ उठून “ताईंना खरे म्हणजे असे म्हणावयाचे आहे” असे सांगणार नाही. आणि ज्यांना ऐकताना राग येईल, विशेषतः आपल्याच घरांविषयी ऐकताना, त्यांनी तो राग किमान एक रात्र स्वतःजवळ ठेवावा.

यातून काय साधेल, असे कोणी विचारील. कायदा लगेच बदलणार नाही. परंतु जिला आपल्या माणसांत दहा मिनिटे न अडवता बोलता आले, तिला उद्या कामाच्या ठिकाणी, संघटनेपुढे, प्रसंगी न्यायाधिकरणापुढे बोलताना आपला आवाज अनोळखी वाटणार नाही. आणि जिला कधीच तेथवर जावयाचे नाही, तिचे ऐकले गेले, एवढेही पुरेसे आहे. आपल्या येथे जन्मलेल्या मुलींना आपली आई कोठून आली हे ठाऊक असते. ती कशातून आली हे बहुधा ठाऊक नसते. त्यांनी ते अनोळखी सभागृहात प्रथम ऐकण्यापेक्षा आपल्यात ऐकावे.

हा लेख प्रसिद्धीस देण्यापूर्वी आम्ही तो ताईंना वाचून दाखवला. त्यांचा प्रसंग येथे यावा की नाही, हे त्यांनीच ठरवावयाचे होते. त्यांनी दोन वाक्ये काढून टाकावयास सांगितली. ती आम्ही काढली. तव्याचा उल्लेख मात्र त्यांनी मुद्दाम ठेवावयास सांगितला. तो तवा त्यांच्या आईने सामानात बांधून दिला होता आणि अजून त्यावरच भाकरी होतात. २० जुलैला त्या बोलणार आहेत का, असे आम्ही विचारले. त्या म्हणाल्या, “बघू. पण स्वयंपाक मी करणार नाही, एवढं नक्की.”

जय भीम. नमो बुद्धाय.